घाम पाहून ओळखलं

सोमवार, संध्याकाळ

ठकू,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत. ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे, ते तुझं तू ठरव.

समोरासमोरच्या इमारतींत राहणाऱ्या मायलेकींनी एकमेकींना पत्रं लिहावीत, हे तुमच्या हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना काही झेपलेलं नाही. सकाळी मी त्यांना विचारलं, पाकीट दिलं तर तुझ्यापर्यंत पोचवाल का. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून आपल्या क्वार्टरच्या गॅलरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हाक मारली तरी ऐकू येईल की मॅडम. मी म्हटलं, हाक जाते हो, ओ येत नाही. त्या हसल्या. मला हसायचं नव्हतं, पण वाक्य तसं जमून गेलं खरं.

फोन तू उचलत नाहीस. कॉलेजात समोर आलीस की "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणून भिंतीच्या कडेने निघून जातेस, जसं काही मी सांडलेलं फिनेल आहे. आता हे "मॅडम" मीच शिकवलं, कबूल. पहिल्या वर्षी तुला बजावलं होतं की नर्सिंग कॉलेजच्या फाटकातून आत आलं की मी तुझी आई नाही, ट्यूटर आहे. तेव्हा मला ते फार शिस्तीचं वाटलं होतं. आता तू ती शिस्त इतकी पाळतेस की फाटकाच्या बाहेरसुद्धा मी कोणी नाही.

तुझे बाबा ठीक आहेत. ठीक म्हणजे, रोज काहीतरी शोधायला तुझ्या खोलीत जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. काल खोडरबर शोधत होते. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात खोडरबरांचा सुकाळ आहे, प्रत्येक ड्रॉवरमध्ये दोन-दोन सापडतील.  ते म्हणाले, "तिला लिही, पण थोडक्यात लिही." तू बघतेच आहेस किती ऐकलं ते.

तू घर का सोडलंस ते मला कळलेलं नाही. म्हणजे एक कारण मला ठाऊक आहे, पण ते इतकंसं आहे की त्याच्यासाठी कोणी गादी गुंडाळून हॉस्टेलवर जात नाही. दोन वाक्यं. कॉरिडॉरमध्ये, घाईत, ट्रॉल्यांच्या खडखडाटात बोललेली. माणूस घाईत काय काय बोलतो. तेव्हा दुसरं काही कारण असेल तर सांग. मी डोकं खाजवून थकले.

घड्याळवाले आजोबा परवा वॉर्डातून घरी गेले. तुझी चौकशी करत होते. त्यांना अजूनही कोणी नीट सांगितलेलं नाही की त्यांना झालं काय होतं. ते समजतात, चक्कर आली.

तुझी,
आई (हे मी मुद्दाम लिहितेय, ट्यूटर पत्रं लिहीत नाही)


गुरुवार, दुपारी, लॅबमध्ये

ठकू,

उत्तर आलं नाही. ठीक.

वॉर्डात डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, तर आपण काय करतो? ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो, आणि ते "बरोबर" म्हणाले की मगच हात चालवतो. निम्म्या चुका तिथेच गळतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. तर आता मी तुझं परत म्हणून दाखवते. तू सगळ्यांसमोर जे सांगितलंस ते मला नीट कळलंय का, ते मला तपासायचं आहे. कुठे चुकलं तर खोडून पाठव. खोडलेला कागद आला तरी मी ते पत्र समजेन.

त्या दिवशी सकाळी वॉर्डात दोन नवीन पेशंट होते, दोघेही आदल्या संध्याकाळी आलेले. खिडकीजवळच्या खाटेवर साखरेचे पेशंट. त्यांच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून ते कुरकुरत होते. शेजारच्या आतल्या खाटेवर घड्याळवाले आजोबा. आयुष्यभर बारीक काट्यांवर डोळे ताणलेला माणूस, त्यांना जरा लांबचं बघायचं होतं, रस्ता, झाडं, काहीही. दोघांनी आपापसात ठरवलं आणि जागा बदलल्या. तू त्यांचे चष्मे, चपला, पाण्याचे ग्लास इकडचे तिकडे केलेस. खाटांवरची कार्डं बदलायला इन्चार्ज सिस्टरना विचारायला हवं, म्हणून तू त्यांच्याकडे गेलीस.

आणि तोवर त्यांनी पिवळं जॅकेट चढवलं होतं.

इथे मी दरवेळी अडते. कारण ते जॅकेट माझं आहे. औषधं देणाऱ्या नर्सला मध्येच कोणी काही विचारलं की तिचं लक्ष उडतं आणि गोळ्या चुकतात, म्हणून मी प्रिन्सिपल मॅडमच्या मागे लागून ती बिनबाह्यांची पिवळी जॅकेटं आणवली. पाठीवरची अक्षरं तुझ्या बाबांनी रंगवली. "औषधं चालू आहेत, बोलू नका." त्यातलं "बोलू नका" त्यांनी इतकं मोठं काढलं की लांबून तेवढंच वाचता येतं. विचारलं तर म्हणाले, रचना तशीच शोभते. आणि मी तुम्हा सगळ्यांना लॅबमध्ये उभं करून म्हणून घेतलं: पिवळं दिसलं की तोंड बंद.

तू तोंड बंद ठेवलंस. हातात थर्मामीटरचा ट्रे घेऊन उभी राहिलीस. सिस्टर इन्सुलिन घेऊन खिडकीच्या खाटेकडे निघाल्या, तेव्हा तुला वाटलं की त्या मनगटावरची पट्टी वाचतील आणि थांबतील. त्यांनी पट्टी वाचली नाही. कार्ड वाचलं. कार्ड आधीच्याच पेशंटचं होतं. त्या वॉर्डात त्यांचा जन्म गेला, त्यांना खाटा पाठ आहेत, माणसं येतात नि जातात. साखर नसलेल्या आजोबांच्या दंडात इन्सुलिन गेलं.

मग तू सिस्टरांचा राउंड संपायची वाट पाहिलीस. राउंड संपला तर त्या फोनवर. मग तुला वाटायला लागलं की कदाचित आपणच चुकीचं पाहिलं, एवढ्या मोठ्या सिस्टर कशा चुकतील. तासाभरात आजोबांना घाम फुटला, ते भलतंच बोलू लागले, तेव्हा तू धावत जाऊन डॉक्टरना म्हणालीस की यांना इन्सुलिन गेलंय. डॉक्टरनी लगेच ग्लुकोज लावलं आणि आजोबा ताळ्यावर आले. तुला कसं कळलं हे न विचारताच डॉक्टर सगळ्यांना सांगत सुटले की दुसऱ्या वर्षाच्या पोरीने नुसता घाम पाहून ओळखलं. दुपारपर्यंत अख्ख्या कॉलेजात तेच झालं. घाम पाहून ओळखलं.

मधलं कॉरिडॉरमधलं सोडून देते. ते तुला माहीत आहे.

शनिवारी सभागृहात प्रिन्सिपल मॅडमनी तुला स्टेजवर बोलावलं. शाबासकीचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात होतं. तू माईक मागितलास. मला वाटलं, आभार मानणार. तू म्हणालीस, "मी घाम पाहून ओळखलं नाही. सिस्टर इन्सुलिन देत होत्या तेव्हा मी बघत होते. मी बोलले नाही."

बरोबर? एवढंच म्हणालीस ना? मी पहिल्या रांगेत होते, पण त्यानंतर माझ्या कानांत असा काही आवाज भरला की मला नीट ऐकू आलं नाही. प्रिन्सिपल मॅडमना ते प्रमाणपत्र द्यावं की ठेवावं हे कळेना. त्यांनी ते शेवटी पर्समध्ये घातलं.

पुढची चौकशीही मी परत म्हणते, कारण माझा खरा गोंधळ तिथे आहे. समितीने तुला विचारलं, गप्प राहायला तुला कोणी सांगितलं होतं का? तू म्हणालीस, "नाही." मी शेजारच्या खुर्चीवर होते. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

सगळ्यांसमोर खरं बोलायला उभी राहिलेली मुलगी तिथे खोटं का बोलली? मला वाचवायला? की माझं नाव घ्यायचीही तुला किळस आली? मी उलटसुलट करून पाहिलं. रात्रंदिवस तोच धंदा. मला काही उमगत नाही, आणि विचारायला तू सोडून कोणी नाही.

आई


रविवार, सकाळी

ठकू,

आज इन्चार्ज सिस्टर घरी आल्या होत्या. मी दार उघडलं आणि पहिल्यांदा वाटलं, आता भांडण. मी पदर खोचूनच उभी राहिले. त्या म्हणाल्या, चहा टाका.

त्यांच्याकडून इंजेक्शनचं काम सध्या काढून घेतलंय, त्या कपाटं लावत बसतात. तुझ्यावर रागावलेल्या नाहीत. निदान तसं म्हणाल्या. कप हातात घेत म्हणाल्या, "तुमच्या पोरीने मला तेव्हा थांबवलं असतं ना, तर मी तिला फाडून खाल्लं असतं. ते तिला माहीत होतं. म्हणून ती थांबली. जॅकेटाचं नाव कशाला घेता?"

तुझ्या बाबांनी मध्येच बिस्किटं आणून ठेवली. असा माणूस. घरात आग लागली तरी आधी पाहुण्यांना पाणी विचारेल.

सिस्टर गेल्या आणि मला आणखीच कळेनासं झालं. इतके दिवस मी जॅकेटाला दोष देत होते. म्हणजे खरं तर स्वतःला देत होते, पण जॅकेटाच्या आडून, म्हणजे जरा कमी लागतं. आता या म्हणतात, जॅकेट नसतं तरी तू बोलली नसतीस. मग दोष कोणाचा? त्यांच्या जिभेचा? तुझ्या भित्रेपणाचा? मी पंधरवड्यातून एक तास "दिसलं तर बोला" शिकवते आणि तुम्ही उरलेले सगळे तास वॉर्डात "बोललात तर याद राखा" शिकता, त्याचा? सांग. तू माझ्यापेक्षा ताजी शिकलेली आहेस.

आणि शिक्षा तुला झाली. त्या वॉर्डाचं पोस्टिंग पहिल्यापासून पुन्हा करायचं. तुझ्या बॅचच्या मुली पुढे जाणार आणि तू पुन्हा तापाचे तक्ते भरणार. प्रिन्सिपल मॅडम म्हणतात, ही शिक्षा नाही, सराव आहे. मी विचारलं, मग चूक करून न बोललेल्यांना सराव का नाही? त्यांनी मला फाईल उघडून दाखवायला सुरुवात केली, म्हणजे बोलणं संपलं. लॅबच्या दाराजवळ चुका सांगायची पेटी आहे ना, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची? तू स्टेजवर बोललीस त्यानंतर तिच्यात एकही चिठ्ठी पडलेली नाही. पोरी शहाण्या झाल्या. तू खरं बोललीस आणि त्याचा धडा त्यांनी हा घेतला.

बरं. आता ते लिहिते. पहिल्या पत्रात टाळलं, दुसऱ्यात टाळलं, आणि तू प्रत्येक पत्रात तेच शोधत असणार, मी ओळखते तुला.

त्या दुपारी कॉरिडॉरमध्ये तू माझा हात धरून बाजूला नेलंस आणि म्हणालीस, मी पाहिलं होतं आई, देताना पाहिलं होतं. ड्यूटीच्या वेळात तू मला "आई" म्हणालीस. मी आधी मागे कोणी आहे का ते पाहिलं. आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत ना घाम पाहून ओळखलं? मग तेच राहू दे."

दोन वाक्यं. बोलायला किती वेळ लागला असेल, ट्रॉली एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत गेली असेल. मी हे ट्यूटर म्हणून बोलले की आई म्हणून, हे मी ठरवू पाहतेय. जागा कॉलेजची होती, अंगावर कोट होता, गळ्यात ओळखपत्र. पण आवाज घरातला होता. पोरीच्या अंगावर काही येऊ नये म्हणून दार लोटून घेतात तो. कोणती आई असं करणार नाही? आणि कोणती ट्यूटर असं करते? मी दोन्ही होते आणि त्या वेळी ना धड ही ना धड ती.

मला वाईट वाटतं का, असं तू विचारशील. हो. पण खरं सांगू, कशाचं ते अजून नीट लावता येत नाही. तुला खोटं बोलायला सांगितल्याचं? की तू ऐकलं नाहीस याचं? आणि तू ऐकलं नाहीस याचा मला पोटातून अभिमानही वाटतो, तो कुठे ठेवू तेही कळत नाही.

आई


बुधवार, संध्याकाळी

ठकू,

वॉर्डनबाई सांगत होत्या की तू पाकिटं घेतेस, फाडत नाहीस, उघडतेस. बस, तेवढं पुरे.

बातमी अशी की आपलं जेवणाचं टेबल सध्या पिवळं आहे. सगळी जॅकेटं घरी आणली आहेत आणि तुझे बाबा ब्रश घेऊन बसलेत. मी प्रिन्सिपल मॅडमकडे जाऊन बसले आणि उठलेच नाही. म्हटलं, जॅकेट राहू दे, लक्ष उडतं हे खरं आहे. पण "बोलू नका" म्हणजे काहीच बोलू नका असं नको. एक शब्द मोकळा ठेवा. "थांबा." कोणीही म्हणायचा, पहिल्या वर्षाच्या मुलीने, झाडूवाल्याने, पेशंटने. म्हटला की जॅकेटवालीने हातातलं खाली ठेवायचं, रागवायचं नाही, का ते मग विचारायचं. थांबवणारी चुकीची निघाली तरी चालेल.  शेवटी मॅडम म्हणाल्या, वर्गात करून दाखवा, मी मागे बसून बघते.

बाबांनी "बोलू नका"च्या खाली लाल रंगात "थांबवा मात्र" असं लिहायला घेतलंय. "मात्र" जरा तिरकं गेलंय. मी म्हटलं, सरळ करा. म्हणाले, तिरकंच नजरेत भरतं. या वेळी मी वाद घातला नाही.

शुक्रवारी तुमच्याच बॅचला घ्यायचं आहे. तुला माहीत आहे मी काय करते ते. लॅबमधल्या पुतळ्यांना, आपल्या मामाला आणि मामीला, औषधं द्यायचं नाटक, आणि त्यात एक चूक पेरलेली. कुठे ते सांगणार नाही. तुला सांगितलं तर फितुरी होईल, आणि फितुरी एकदा करून झाली आहे.

तू येशील ना? हजेरीसाठी येशीलच. मी दुसऱ्या अर्थाने विचारतेय.

आई


शुक्रवार, घरी आल्या आल्या

ठकू,

तू तिथेच होतीस, तरी परत म्हणून दाखवते. चुकलं तर खोड.

तू तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला. प्रिन्सिपल मॅडम अगदी मागे, पाठ ताठ. मी जॅकेट चढवलं, तुम्हाला पाठ दाखवून अक्षरं वाचून घेतली. तिरक्या "मात्र"ला पोरी हसल्या. मग मी ट्रे घेतला. ट्रेमध्ये दोन सिरिंज, एकीवर मामाचं निळं लेबल, एकीवर मामीचं लाल. दोन्हींत पाणीच. माझा बेत असा होता की मामाला सगळं बरोबर करायचं आणि मामीच्या वेळी मनगटाची पट्टी न वाचता पुढे जायचं. पेरलेली चूक ती. वर्गातल्या हुशार पोरी तिचीच वाट पाहत होत्या, चेहऱ्यांवरून कळत होतं. तुम्हा सगळ्यांना माझी सवय माहीत आहे, चूक शेवटीच असते.

मामाची पट्टी मी मोठ्याने वाचली. आणि मग जॅकेट घातलेल्या बाईने जे कधी करू नये ते केलं. मान वर करून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. तू बघतेस का ते पाहायला. तू वहीत मान घालून बसली होतीस. तुझ्याकडेच बघत, खाली न बघता मी ट्रेमधली सिरिंज उचलली.

"आई, थांब." तू कधी मान वर केलीस, कळलं नाही.

पहिल्यांदा वर्ग हसला. "आई" म्हणालीस म्हणून. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्याच वाजवू लागल्या. त्यांना वाटलं, मॅडमनी या वेळी चूक आधीच पेरली, काय युक्ती. मागून प्रिन्सिपल मॅडमनीही टाळ्या वाजवल्या. मी हातात पाहिलं. मामीच्या लेबलची सिरिंज, मामाच्या दंडापासून बोटभर अंतरावर.

मी ती खाली ठेवली. नियमच तो.

ठकू, त्या टाळ्या चालू असताना माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. "शाबास, बरोबर ओळखलंत, हीच ती." नुसतं हसले असते तरी भागलं असतं. कोणाला कळलं नसतं. मॅडम खूश, नियम पास, जॅकेटं वॉर्डात. इतकं सोपं होतं की माझे ओठ हललेसुद्धा. आणि तेव्हा मला कळलं की कॉरिडॉरमध्ये मी तुझ्या हातात काय दिलं होतं. ते गोड असतं ते. फुकट मिळालेली शाबासकी. नाही म्हणायला किती जोर लागतो ते मला माहीतच नव्हतं. तू विशीची पोर ते स्टेजवर, माईकसमोर करून आलीस.

मी म्हटलं, ही मी पेरलेली चूक नाही. पेरलेली मामीकडे होती. ही माझी खरी चूक आहे, आणि हा पुतळा नसता तर कोणाच्या तरी अंगात भलतं औषध गेलं असतं. टाळ्या थांबल्या. मग मी आणखी एक म्हटलं, ते आधी ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, आत्ता मला "हो, पेरलेलीच होती" असं म्हणायचा मोह झाला. मागे मी एका विद्यार्थिनीला अशाच मोहाला हो म्हणायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. समितीने विचारलं तेव्हा तिने माझं नावही घेतलं नाही, ते मी आता घेते.

वर्गात कोण विद्यार्थिनी ते न कळण्याइतकं कोणी मूर्ख नव्हतं. प्रिन्सिपल मॅडम उठून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की सोमवारी केबिनमध्ये या. काय म्हणतील ठाऊक नाही. कदाचित मलाही सराव देतील. मग आपण दोघी मिळून तापाचे तक्ते भरू.

पोरी गेल्या. पुतळे झाकून ठेवायची पाळी तुझी नव्हती, तरी तू थांबलीस. मामावर चादर घातलीस, मामीवर घातलीस, मामीच्या पट्टीवरचा नंबर उगाचच वाचलास. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "खरंच चुकलीस, की हेही शिकवण्यातलंच?"

माझं शिकवणं इतकं बदनाम झालंय. मी म्हटलं, "खरंच."

तू वळून पाहिलंस. चांगलं निरखून, वॉर्डात शिकवलंय तसं, आधी चेहरा, मग हात. आणि स्टूल पायाने माझ्याकडे सरकवत म्हणालीस, "घाम आलाय तुला. बस जरा."

मग बाहेरून तुला कोणीतरी हाक मारली आणि तू गेलीस. मी बसून राहिले. समितीसमोर तू "नाही" का म्हणालीस, ते विचारायचं राहिलंच. घरी कधी येशील तेही. पुष्कळ काही अजून माझ्या डोक्यात सरळ होत नाही आणि सोमवारनंतर आणखी वाकडं होईल. तुझे बाबा विचारतायत, काय म्हणाली ती. त्यांना काय सांगू, एवढीशी दोन वाक्यं.

सांगितलं त्यांना. म्हटलं, या खेपेला मात्र पोरीने घाम पाहूनच ओळखलं.

तुझी,
आई